तीन बाजूंचे फोटो

आई, “झाकून घे, लोकं काय म्हणतील,” एवढंच तू त्या दिवशी म्हणालीस, आणि मी सेहेचाळीस वर्षांची झाले तरी ते वाक्य माझ्या अंगावरून उतरलेलं नाही. तुझ्या अंगणवाडीत वजनं घ्यायचा दिवस होता. आढ्याला काटा टांगलेला, त्याच्या झोळीत एकेक लेकरू बसतंय, आणि कुणाचं पाव किलो वाढलं तरी तू त्याच्या आईला हाक मारून सांगतेस. मी आठवीत, अंगानं जाडजूड. शाळेतून येऊन दारात उभी राहिले, तर कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, “सुकडी कुठं मुरायली ते दिसायलंच की!” सगळ्या हसल्या. लेकरांना खायला सरकारातून येणारी सुकडी तू चिमूटभरही घरी आणली नाहीस, सांडलेली गोळा करून परत पोत्यात भरायचीस. हे मला माहीत होतं आणि त्या बाईलाही. तू उठलीस, हिवाळ्यापासून खुंटीवर पडलेली शाल काढलीस आणि भर चैत्रात माझ्या खांद्यांवर टाकलीस. तिचं तोंड बंद करायचं सोडून तू मला झाकलंस.

पुढं तसंच चालू राहिलं. कोपराखाली येणाऱ्या बाह्या, दोन्ही खांद्यांना पिन लावलेली ओढणी. सोनपेठच्या बाजारात कापड घेताना तू माझ्याकडं न बघता दुकानदाराला सांगायचीस, “अर्धा मीटर जास्त फाडा.” उन्हाळ्यात काखेत, मांड्यांत घामोळं पेटायचं. मी न्हाणीतून ओरडले की तू पावडरचा डबा आणून द्यायचीस, दारातून फक्त हात आत घालून. त्या वर्षानंतर तू माझं अंग कधी पाहिलंच नाहीस. लग्नाच्या हळदीलासुद्धा नाही.

तुला जाऊन बारा वर्षं झाली. मध्यंतरी शुगर फार वाढली, म्हणून जठर लहान करायचं ऑपरेशन केलं. एकशे अठरा किलोची मी अडुसष्टवर आले, आणि आता वर्षभर काटा हललेला नाही. लोक पेढे मागतात. पण एवढी कातडी कुठं जाणार? पोटाची झूल मांडीवर उतरली आहे, मी बसायच्या आधी ती बसते. फळ्यावर लिहायला हात उचलला की दंडाखालचं लोंबतं आणि वर्गातल्या पोरी बघतात. घडीखाली ओल राहते, चट्टे पडतात, वास येतो. सुती कापडाची पट्टी घडीत ठेवल्याशिवाय मी शाळेत जात नाही. ही जादा कातडी काढता येते, असं डॉक्टरांनीच सांगितलं. ह्या कमरेपासून त्या कमरेपर्यंत टाक्यांची रेघ कायम राहील, म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या.

घरी सांगितलं तर तुझे जावई म्हणाले, “बारीक व्हायचं म्हणलीस, झालीस. आता अजून काय काढून टाकायलीस?” थोरल्या जाऊबाई चहा ओतत होत्या. म्हणाल्या, “अगं बया, पोरगी लग्नाला आली अन् तुला आता कुणाला दाखवायचंय? साडीत काय दिसायलंय? झाकून घे की.” तुझेच शब्द, आई! मी कप आपटला. स्टीलचा होता, फुटलासुद्धा नाही. बारीक हो, बारीक हो, म्हणून ह्याच माणसांनी माझं जेवण मोजलं. आता ह्याच अंगाचं मला काही करावंसं वाटलं, तर लाज ह्यांना वाटते.

तारीख पक्की करायच्या आधी दवाखान्यानं फोटो मागितलेत. समोरून, बाजूनं, मागून, आणि फक्त आतल्या कपड्यांत. फोनवरच्या बाई सहज म्हणाल्या, “घरातल्या कुणालाही काढायला सांगा.” घरातल्या कुणालाही! मी ह्यांच्या हातात फोन दिला. ह्यांनी मान दुसरीकडं करून काढला. फोटोत भिंत आली आणि मी अर्धी. “जमंना मला,” म्हणाले आणि बाहेर गेले. लेक हॉस्टेलवर आहे, आणि असती तरी तिच्यासमोर पदर काढायला माझाच हात धजला नसता. शनिवारपर्यंत फोटो गेले नाहीत तर तारीख दुसऱ्या कुणाला जाईल. मग उन्हाळ्याची सुट्टी संपेल आणि शाळा मला एवढी रजा देणार नाही.

हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून तुला सांगते. सगळ्यांना मी चट्ट्यांचं कारण देते, कारण दुखणं म्हटलं की बाईचं थोडं तरी ऐकतात. पण चट्टे नसते तरी मी हे ऑपरेशन करून घेतलं असतं. मला बिनबाह्यांचा ब्लाऊज घालायचाय. मला छान दिसायचंय. एवढं लिहितानासुद्धा मी मागं वळून बघितलं, कुणी वाचत तर नाही ना.

तर आई, तू ये. आत ये, दार लावून घे आणि हा फोन धर. माझ्याकडं बघ, सगळीकडं बघ, आणि तीन फोटो काढ. तू नाहीच म्हणशील. मी साडी सोडायच्या आधीच मान फिरवशील.

तरी ये.