माझ्यामागे अक्काच्या जेवणाची व्यवस्था

मी, डॉ. शैलश्री सिद्धलिंगप्पा हुडगे, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त प्राध्यापक, मूळ गाव निंबर्गा, तालुका आळंद, हल्ली राहणार मैलूर, बीदर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉ. हणमंतप्पांचे मत वेगळे पडते, म्हणून ही घाई. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. थोरली बहीण गंगम्मा, म्हणजे आमची अक्का, शेजारी बसून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावते आहे, त्याला दडपण म्हणायचे की नाही ते कोर्टाने ठरवावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

घर आणि ठेवी यांची वाटणी दोन ओळींत उरकली असती. हा सगळा खटाटोप एका प्रश्नासाठी आहे: माझ्यामागे अक्काला जेवू कोण घालणार? तिचे दोन्ही हात कापतात. घास तोंडाशी पोचेपर्यंत निम्मा पदरात सांडतो. अलीकडे ती विसरतेही.

१. मैलूरचे राहते घर अक्का हयात असेपर्यंत तिच्या ताब्यात राहील. तिला तिच्या खोलीतून कुणी हलवू नये. तिच्यानंतर ते माझ्या भावाचा मुलगा वीरेश याला मिळावे. तो बंगळूरला कंपनीत आहे आणि दर दिवाळीला "आत्या, हे पाडून फ्लॅट काढू" म्हणतो. काढावेत खुशाल, पण अक्काच्या मागे, माझ्या मागे नव्हे.

२. बँकेतल्या ठेवींतून अक्काची औषधे आणि स्वयंपाक करणाऱ्या भागम्माचा पगार भागवावा. उरेल ते विजयश्रीला मिळावे. ती माझी शेवटची विद्यार्थिनी. वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि आता स्वतःच प्राध्यापक आहे. मला निंबर्ग्याच्या शेतात अप्पांच्या शेजारी पुरावे. त्यावर दगड वगैरे बसवू नये, पेरणीला आडवा येतो.

३. अवजारे, मोटारी, तारांची पेटी आणि माझा पहिला यंत्रहात हेही विजयश्रीला. त्या हाताला जुन्या बसच्या वायपरची मोटर आहे, बीदरच्या गॅरेजमधून आणलेली. रुग्णाला भरवील असे यंत्र करायचे म्हणून आम्ही त्याच्या हाती भाकरी दिली. त्याने ती मोडली नाही, सरळ विभागप्रमुखांच्या अंगावर भिरकावली. प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची शेड, उन्हाळ्यात खुर्चीला हात लावता येत नसे. तरी तेव्हाचे हसणे अजून कानात आहे. विजयश्रीला आता सगळे बाहेरून तयार मिळते. तिचे काम माझ्यापेक्षा चांगले आहे. मजा मात्र आम्ही जास्त केली.

हाताला भाकरीच का, असे लोक विचारत. मी सोलापूरला शिकत असताना अक्का अफजलपूरला कापडाचे दुकान चालवायची. सोलापूरच्या बसच्या कंडक्टरजवळ डबा द्यायची: कडक भाकरी, शेंगाची चटणी, सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. मी स्टँडवर उभी राहून डबा घ्यायची आणि तिथेच बाकावर बसून उघडायची. इतकी भूक पुढे कधी लागली नाही. आजारी माणसाला पोटभर भरवण्याइतके मोठे काम मला दुसरे कुठले वाटलेच नाही.

४. भरवणाऱ्या हाताच्या रचनेवरचे माझे हक्क विजयश्रीकडे जातील. आजारपणात यंत्रावर विश्वास कधी ठेवावा, हा माझा विषय. त्यात मी दोन नियम धरले होते. माणूस नको म्हणाला की यंत्राने थांबायचे, आणि आपण माणूस आहोत असे यंत्राने कधीही भासवायचे नाही.

पहिला नियम आमच्या भागातल्या बायकांनी वाकवला. एका रुग्णालयात चाचणी चालली होती. हात चमचा पुढे करून विचारायचा, "आणखी देऊ का?" दोन घासांत बाया म्हणायच्या, "बास, पुरे." हात थांबायचा आणि रुग्ण तृप्त, अशी नोंद करायचा. काही दिवसांतच सगळ्यांची वजने उतरली. चंद्रभागाबाई नावाच्या आजींना मी कारण विचारले, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "लोकाच्या हातचं खाताना एकदा इचारल्यावर कुनी व्हय म्हणतंय का? हावरट म्हणतील की! ह्यो मेला आग्रहच करंना."

मग मी हाताला आग्रह करायला शिकवले. जेवणात तिसऱ्या नकाराला थांबायचे आणि नर्सला कळवायचे. यावर माझे सहकारी श्रीपतराव यांनी भर परिषदेत सांगितले की बाईंचे यंत्र बळजबरी करते. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही एका टेबलावर चहा घेतला नाही. औषध, सुई, अंगाला हात लावणे, यांत पहिला नकार शेवटचा, हे त्यांचे म्हणणे मी मानले आणि यंत्रात घातलेही. भाकरीच्या बाबतीत मात्र ते चुकले. निवृत्तीच्या पंगतीत याच गृहस्थांनी हुग्गीला दोनदा नको म्हटले आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तरी खोट्याचा वास त्यांच्याइतका लवकर कुणाला येत नाही, म्हणून या मृत्युपत्राचे पहिले साक्षीदार तेच. साक्षीदाराला काही द्यायचे नसते म्हणतात. त्यांचे नशीब.

दुसरा नियम कुणीही बदलू नये, हात बनवणाऱ्या कंपनीने कितीही गळ घातली तरी.

५. आता अक्का. गेल्या दिवाळीत वीरेशने माझ्या व्याख्यानांवरून माझा आवाज तयार केला आणि न विचारता घरी अक्काला भरवणाऱ्या यंत्रहातात घातला. मी अंगणात पेपर वाचत होते. आतून माझाच आवाज आला, "अक्का, अजून एक घास घे." मी धावत गेले. अक्काने घास घेतला होता. वीरेश खुशीत होता. "बघ की आत्या, तू नसलीस तरी मोठी आत्या जेवंल."

पुढचा घास मात्र तिने घेतला नाही. तोंड मिटून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसली. मी मागे उभी होते, ते तिला दिसले नाही. "किती येळ आत बसतीस? ये की बाहीर," ती म्हणाली. "दोगी मिळून खाऊ." लहानपणी निंबर्ग्याला आम्ही एका ताटात जेवायचो. आजही मी बसल्याशिवाय ती घास उचलत नाही.

वीरेश म्हणाला, "तू जेवलीस म्हणून सांगायला लावू की त्याला." म्हणजे एका खोट्यावर दुसरे. तो आवाज मी त्याला तिथल्या तिथे पुसायला लावला.

अक्का रुसली. "कामून पुसायला लावलीस? तुजा आवाज व्हता त्यात."

"मी गेल्यावर तुला वाटंल, मी घरातच हाय."

"वाटू दे की."

या एका मुद्द्यावर मी आयुष्यभर लिहिले आहे. तरी तिच्यापुढे मला रडू आले. मरणाचे मला फारसे काही वाटत नाही. तिच्या ताटासमोर मी नसणार, याचे वाटते.

म्हणून असे ठरवते. माझा आवाज फक्त एका निरोपासाठी वापरावा. तो मी स्वतः बोलून ठेवला आहे. प्रत्येक जेवणाआधी हाताने तो ऐकवावा: "अक्का, मी शैला. मी वारलेय. ह्यो आवाज आधी भरून ठिवलाय. घास यंत्र देतंय. शेजारी कोण बसलंय बघ, तिच्यासंगं जेव." पुढचे सगळे यंत्राने आपल्या आवाजात बोलावे. दुपारी भागम्माने आणि संध्याकाळी विजयश्रीने स्वतःचे ताट घेऊन अक्काशेजारी बसावे. ताटाशिवाय नुसते बसलेले चालणार नाही. दोघींनी कबूल केले आहे.

हे कळल्यावर वीरेशने फोन केला. "आत्या, ती इसरती. रोज तिला नव्यानं कळंल. रोज रडंल ती." त्याचे बोलणे खरे होते आणि मला लागले. म्हणून काल सकाळी तो निरोप अक्कालाच ऐकवला. ती नको म्हणाली असती तर हे कलम खोडले असते, आग्रह न करता.

तिने दोनदा ऐकला. मग म्हणाली, "घाल त्यात."

"रोज कळंल तुला, अक्का."

"कळू दे. रोज रडीन, रडत रडत जेवीन. पर तुजी वाट बघत उपाशी न्हाई बसायची."

वरील सर्व मी स्वतः लिहिले, अक्काला वाचून दाखवले आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: शैलश्री सिद्धलिंगप्पा हुडगे

साक्षीदार:
१. श्रीपतराव बळवंतराव मेहकरे (भाकरीबाबतचा मतभेद कायम ठेवून)
२. डॉ. हणमंतप्पा वीरण्णा कलशेट्टी

स्थळ: मैलूर, बीदर
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५