करिश्माची फेरचाचणी मंगळवारीच घ्यावी, याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती (शिक्षण विभाग),
जिल्हा चंद्रपूर.

अर्जदार : जंगू पोचू सिडाम, वय ३४, धंदा सफारी गाइड, मु. पिपरटोला, मोहर्ली गेटजवळ.

विषय : माझी मुलगी कु. करिश्मा, इयत्ता तिसरी, हिचे नाव 'बौद्धिक विकास विलंब (संशयित)' या यादीतून काढणेबाबत व तिची फेरचाचणी फक्त मंगळवारी घेणेबाबत.

संदर्भ : १) दि. ४ एप्रिल २०२५ रोजी आमच्या गावच्या शाळेत झालेली अध्ययन चाचणी.
२) आपल्या कार्यालयाचे दि. ११ एप्रिलचे पत्र. ते मला दि. १२ रोजी मिळाले. त्याचे पाकीट माझ्या आधी कोणीतरी उघडून परत चिकटवले होते, अशी मला शंका आहे.

महोदय,

सविनय सादर करतो की, संशय घेणे हा माझा रोजचा धंदा आहे. गेली नऊ वर्षे मी सफारीच्या जिप्सीत ड्रायव्हरच्या बाजूला बसून धुळीतला ठसा ताजा की कालचा, सांबर ओरडले ते खरेच भिऊन की उगाच, हे ठरवत आलो आहे. पहिल्या नजरेवर भरवसा ठेवणारा गाइड आमच्या गेटवर टिकत नाही. त्यामुळे आपल्या पत्रात माझ्या मुलीच्या नावापुढे 'संशयित' हा शब्द वाचला, तेव्हा तो मला परका वाटला नाही. संशय जरूर घ्यावा, पण नीट घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

पत्रात लिहिल्याप्रमाणे दि. ३० एप्रिलला यादी कायम होईल व जूनपासून करिश्माला तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहात राहून वेगळ्या वर्गात शिकावे लागेल. ती आठ वर्षांची आहे. आजीच्या कुशीशिवाय ती आजवर एक रात्र झोपलेली नाही. सबब पुढील मुद्दे विचारात घ्यावेत.

१. चाचणीत एकूण दहा प्रश्न होते. प्रश्नपत्रिकेवर 'स्थानिक परिसराशी नाते जोडणारी' असे छापलेले आहे. हे नाते कोणी जोडले मला माहीत नाही, पण दहापैकी सात प्रश्न एकाच प्राण्यावर आहेत. तो प्राणी म्हणजे पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला, ज्याला पाहायला पुण्या-मुंबईचे लोक सहा महिने आधी बुकिंग करतात. त्याचे नाव मी या अर्जात लिहिलेले नाही व लिहिणार नाही. हा अर्ज मी घरी बसून लिहीत आहे. कारण पुढे येईल.

२. बाकीचे तीन प्रश्न करिश्माने बरोबर सोडवले. सात प्रश्नांचा निकाल चाचणी पत्रकात असा आहे : चित्र दाखवून नाव विचारले असता 'प्राणी ओळखत नाही'. टॅबवर तेच चित्र मोठे करून दाखवले असता तिने टॅब उलटा करून ठेवला, त्यावर 'साहित्य हाताळताना आक्रमक'. एक वाक्य वाचायला दिले असता तिने पहिला शब्द सोडून बाकीचे वाक्य घडघडा वाचले, त्यावर 'अक्षरओळख अपूर्ण'. तीन अमुक आणि दोन अमुक मिळून किती अमुक, या गणिताला तिने 'पाच' असे उत्तर दिले. पाच काय, असे विचारल्यावर ती गप्प बसली, त्यावर 'संख्याबोध अर्धवट'. महोदय, पाच हे पाचच असतात. उरलेल्या तीन प्रश्नांपुढे फक्त आडव्या रेघा आहेत.

३. ही चाचणी घ्यायला प्रणित सर नावाचे तरुण गृहस्थ आले होते. ते कोणत्या संस्थेचे, हे पत्रकावर वाचता येत नाही, कारण शिक्का नेमका नावावरच पुसट आहे. अठ्ठावीस मुले त्यांनी सकाळी साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत तपासली. म्हणजे एका मुलामागे चार मिनिटे. ठसा पाहायला मी याहून जास्त वेळ घेतो. इतकी घाई कशाची, असा मला प्रश्न पडला. उत्तर माझ्याच हाती आले, ते असे.

त्या दिवशी दुपारच्या फेरीला माझ्या जिप्सीत जे चार पर्यटक बसले, त्यांत एक प्रणित सर होते. मी त्यांना ओळखत नव्हतो, तेही मला ओळखत नव्हते. त्यांच्या अंगात गेटसमोरच्या दुकानातला नवा टी-शर्ट होता व छातीवर सदर प्राण्याचे तोंड होते. वाटेत ते सोबत्यांना म्हणाले, आज सकाळी शाळेत एक मुलगी भेटली, याच जंगलाच्या दारात राहते आणि याचेच नाव तिला सांगता येत नाही. चौघेही हसले. पर्यटक हसले की गाइडने हसायचे असते, म्हणून मीही हसलो. पत्र आल्यावर मला कळले की ती मुलगी माझी होती.

पुढे पाणवठ्याजवळ सदर प्राणी स्वतः वाटेवर आला. आमच्यापासून साधारण पन्नास फुटांवर. त्या वेळी प्रणित सर सात मिनिटे एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या नावापुढे काही नोंद केलेली नाही.

४. यानंतर मी शाळेच्या आशाबाई मॅडमवर संशय घेतला. त्या मूल तालुक्याकडच्या आहेत आणि आमच्या गावात सहा वर्षे शिकवतात. आमच्या घरांचा नियम (मुद्दा ६ पाहावा) त्यांना माहीत असताना त्या गप्प का राहिल्या? यादीत नावे भरायचा त्यांना वरून काही आकडा दिलेला आहे काय? मी शाळेत जाऊन तोंडावर विचारले. त्यांचे शब्द जसेच्या तसे : "जंगूभाऊ, मले सारं मालूम होतं. मी सांगत होती त्या सरले. पन त्या पत्रकात 'कारण' लिहाचा रकानाच नाई, त्याले मी काय करू?" मी पत्रक उलटून-पालटून पाहिले. खरोखर नाही. आशाबाई मॅडमवरचा माझा संशय मी मागे घेत आहे. पत्रकावरचा कायम आहे.

५. करिश्मा काय जाणते, हे बापाने सांगितले तर त्यातले अर्धे सोडून द्यावे, असा माझाच सल्ला आहे. तरी नोंद असावी की ती वाचायला शाळेच्या आधी गेटवर शिकली. सकाळी डबा द्यायला यायची तेव्हा गाड्यांच्या नंबराच्या पाट्या वाचायची. एमएच ३४ आपली, एमएच ३१ नागपूरची, एमएच १२ आली की पाणी विकत घेणारे लोक आले. कोणत्या गावचे लोक काय विचारतात, हे तिने पाट्यांवरून पाठ केले. हे तिला कोणी शिकवले नाही. तिने पाहिले आणि ताळा जुळवला. मुले अशीच शिकतात, असा माझा अनुभव आहे, आणि याच कारणाने पुढचा मुद्दा लिहिताना मला जड जात आहे.

६. आमचा नियम असा. मोहफुले पडायला लागली की तेंदूपत्त्याचा हंगाम सरेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च ते मे, घरात सदर प्राण्याचे नाव कोणी घेत नाही. या दिवसांत माणसे पहाटे जंगलात जातात. नाव घेतले की तो ऐकतो व जो बाहेर असेल त्याच्या वाटेवर येतो, असे जुने लोक मानतात. करिश्माने मला मागे विचारले होते : "बाबा, तू तं दिवसभर त्याचं नाव घेत राह्यतेस. मंग मले काऊन नाई?" मी सांगितले की मी गाडीत 'टायगर' म्हणतो, तो कामाचा शब्द आहे, त्याला तो कळत नाही. तिने थोडा विचार करून विचारले की तो नऊ वर्षे रोज तोच शब्द ऐकतो, तर अजून शिकला कसा नाही? ज्या मुलीला 'विकास विलंब' आहे तिचा हा प्रश्न आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. मी तिला गप्प बस म्हणालो.

यापुढे मुद्द्यांना क्रमांक देणे जमणार नाही, क्षमा असावी.

मागील वर्षी मार्चमध्ये शाळेत मुलांचा मेळावा होता. करिश्माने तोंडाला पट्टे रंगवून सदर प्राण्याचे गाणे म्हटले, नाव घेऊन, आठ-दहा वेळा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे माझे काका बुधू मोहफुले वेचायला गेले व परत आले नाहीत. त्यांना मातीत ठेवून आल्यावर माझी आई नीलाबाई अंगणात बसून म्हणाली : "कोनीतरी नाव घेतलं असंल. त्यानं आयकलं." आईला मेळाव्याचे माहीत नव्हते. ती कोणाला उद्देशून बोलली नाही. करिश्मा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मी ते पाहिले. ठसे पाहणाऱ्या माणसाला तिचे तोंड दिसले नाही, असे मी लिहू शकत नाही.

मला वनखात्याच्या प्रशिक्षणात शिकवले आहे की झुंजुमुंजू उजेडात वाकून फुले वेचणारा माणूस त्या प्राण्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. म्हणून एकट्याने जाऊ नये, बोलत राहावे, मधून मधून उभे राहावे. बुधू काका एकटे होते व त्यांना पाठीचा त्रास होता, ते एकदा वाकले की लवकर उभे राहत नसत. त्यांचे जाणे यामुळे झाले. हे मी गेल्या वर्षभरात शेकडो पर्यटकांना समजावून सांगितले आहे, काहींनी मोबाइलवर चित्रणही केले आहे. माझ्या मुलीला मी हे एकदाही सांगितले नाही. कारण ती गप्प राहू लागली ते मला बरे वाटले. मी रोज आत जातो. अर्धा मी प्रशिक्षणाचा आहे, अर्धा माझ्या आईचा. घरात कोणी नाव घेत नाही, या भरवशावर मीही गाडीत बसत होतो. सर्वांवर संशय घेऊन झाल्यावर मी या ठिकाणी येऊन पोचलो आहे. तिचा विकास कोणी अडवला, असा रकाना कधी आपल्या पत्रकात आला, तर त्यात माझे नाव लिहावे. मला त्याचे फार वाईट वाटते.

पत्र आल्यावर मी तिला जवळ बसवून वाकलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकली, मला अंगणात वाकून दाखवायला लावले, बाजूने जाऊन पाहिले आणि मान डोलावली. मग मी म्हणालो, तर आता सरांनी विचारले की नाव सांगशील ना? ती म्हणाली : "सांगीन. पन बाबा, तू आत असताना म्या सांगतलं अन् तू आलाच नाई, तं?"

दि. ४ एप्रिल हा शुक्रवार होता. चाचणी सुरू होती तेव्हा मी आत होतो. तिला चित्र ओळखता आले होते, अक्षर वाचता आले होते. दोन्ही बाजूंचा विचार करून तिने त्या सात प्रश्नांत शून्य गुण घेतले.

तरी माझी नम्र विनंती अशी. फेरचाचणी मंगळवारी घ्यावी. मंगळवारी सफारी बंद असते व मी घरी असतो. यादी कायम होण्याआधी दोनच मंगळवार उरले आहेत, दि. २२ व दि. २९. प्रश्न तेच ठेवावेत, ते सोपे करू नयेत. मला वर्गात तिच्या समोरच्या भिंतीला टेकून बसू द्यावे. मी बोलणार नाही, खूण करणार नाही. तिला मान वर केल्यावर मी दिसलो पाहिजे, इतकेच. तशी परवानगी कोणत्या नियमात बसते, हे मला माहीत नाही; आपल्याला एखादा नियम सापडेल, अशी आशा धरतो. कालांतराने ती बुधवारीही सांगेल. ते शिकवायचे काम माझे आहे व मी ते सुरू केले आहे, पण ते ३० तारखेच्या आत होणारे नाही.

आपला नम्र व स्वभावाने संशयी,
(सही) जंगू पोचू सिडाम
पिपरटोला, दि. १७ एप्रिल २०२५

सोबत जोडलेली कागदपत्रे :

१. चाचणी पत्रकाची झेरॉक्स.

२. माझ्या कामाचे एप्रिल महिन्याचे वेळापत्रक. मंगळवारांना गोल केले आहेत.

३. एक बंद पाकीट. त्यात सदर प्राण्याचे नाव करिश्माने स्वतःच्या हाताने लिहिले आहे. परवा, मंगळवारी, मला समोर बसवून, पण कागदावर हात झाकून तिने ते लिहिले व पाकीट भाताच्या शितांनी स्वतः चिकटवले. मी ते पाहिलेले नाही. शब्द बरोबर आहे, याबद्दल मला काही शंका नाही. पाकीट कृपया मंगळवारीच उघडावे, असे तिने सांगितले आहे. इतर दिवशी मी आत असतो.