निळ्या पाकळीतला जानेवारी

लंडन,
९ नोव्हेंबर १८५८

प्रिय तमसिन वहिनी,

तुमचं पत्र आणि सफरचंदांची टोपली, दोन्ही पोचली. आईचा गुडघा आता बरा असेल. इथे धुकं आहे, खोकला आहे, काम भरपूर आहे.

छापखान्यात सध्या मी एका आकृतीत रंग भरतो. क्रिमियाच्या युद्धात शुश्रूषेला गेलेल्या एका बाईंनी ती तयार केली आहे. सरकारातली मोठी माणसं आकड्यांचे तक्ते वाचत नाहीत, म्हणून त्यांनी वर्षाचे बारा महिने गोल मांडलेत, फुलाच्या पाकळ्यांसारखे. ज्या महिन्यात जास्त शिपाई मेले, त्याची पाकळी मोठी. जखमांनी मेलेले लाल, रोगाने मेलेले निळे.

पहिल्याच दिवशी मी आमच्या मुकादमांना, डॅबनींना, म्हटलं, "काहीतरी चुकलंय. लाल एवढंसंच आहे."

"चुकलं नाही. लढाईत मेले ते तेवढेच. बाकीचे इस्पितळात. तू निळा जास्त कालव, कमी पडेल."

१८५५ च्या जानेवारीची पाकळी सगळ्यांत मोठी आहे. वहिनी, दादा त्या निळ्यात आहे.

खंदकात गोळी लागून तो गेला, हे मी रचलं. त्याच्या पलटणीतला पास्को मला भेटायला आला होता. म्हणाला, "हगवण लागली होती. एकोणीस दिवस. अंथरूण बदलायला माणूस नव्हतं."

"घरी काय सांगू?"

"आम्ही सगळे गोळीच सांगतो."

मग मीही गोळीच लिहिली.

आता तुम्ही लिहिता, चर्चमध्ये दादाच्या नावाची पाटी बसायची आहे, 'शत्रूच्या गोळीने' असं कोरायचंय, तारीख कळवा. तारीख सोळा जानेवारी. तेवढी खरी आहे. गोळीचं कोरू देऊ नका. आईला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. सांगायचं असेल तर नाताळात येऊन मीच सांगेन, ते तुमच्यावर टाकणार नाही.

मला रडू आलेलं नाही. आज बेचाळीस प्रती रंगवल्या. कुठेही रंग रेषेबाहेर गेला नाही. डॅबनी म्हणाले, हात चांगला बसलाय.

अजून एक राहिलं. शेवटच्या दिवशी दादाने पास्कोला विचारलं होतं, "माझा वास येतो का रे?" पास्को "नाही" म्हणाला, आणि तिथेच बसून राहिला.

जवळजवळ चार वर्षं तुमच्याशी खोटं बोललेला,
तुमचा दीर
जोसाया