गोणपाटाखालचे सात दिवस

५ फेब्रुवारी

दामल्यांच्या फ्लॅटचं काम माझ्याकडे आलं. एकटीकडे. ऑफिसात राधिका मॅडमनी चहा ओतता ओतताच सांगून टाकलं, "हे घर तू कर, मी फक्त शेवटी बघीन." ड्रॉइंगवर सही कुणाची, असं मी तीनदा विचारलं. "तुझी. हात आहेत ना?"

घरी सांगितलं. आई म्हणाली, म्हणजे आता अजून उन्हात फिरणार. अण्णा मशीनवरून उठले नाहीत. शिवता शिवता म्हणाले, "टेप माझी घेऊन जा. तुमची स्टीलची दुमडते आणि खोटं बोलते."

आमच्या घरात शाळा पुरी केलेली मी पहिली. दहावीपर्यंत बेळगावला मावशीकडे, मग इथे डिप्लोमा. त्यामुळे चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीचे सगळे फॉर्म भरायला माझ्याकडे येतात. खोडाखोड झाली की मी नवा फॉर्म आणायला लावते. लोक वैतागतात. कुणाचं तरी राहतं घर म्हणजे केवढा मोठा फॉर्म, आणि नवा कोरा मिळत नाही.

९ फेब्रुवारी

दामले काकूंना हॉलमध्ये लाल ऑक्साइडची फरशी हवी आहे. सिमेंटमध्ये लाल रंग मिसळून हातानं घोटलेली, सांधा नसलेली. काका इथल्या सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त. पुण्याहून आल्यावर त्यांना पहिलं क्वार्टर मिळालं, त्यात होती तशी.

रा. मॅडम म्हणाल्या, आता कोण करतं ते, टाइल्स घ्या. काकू म्हणाल्या, "टाइल्स मुलाकडे आहेत. तिथे जाऊन बघते मी."

चौदा फोन केले. शेवटी शहराबाहेर आनेकलचे मुनियप्पा सापडले. नवराबायको दोघं मिळून करतात. गेली चार वर्षं हे काम कुणी मागत नाही म्हणून दुसऱ्यांच्या हाताखाली टाइल्स बसवताहेत. रा. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या भरवशावर. नीट झालं तर सर्जापूरच्या बंगल्याची सगळी फरशी त्यांना. नाही झालं तर पुन्हा नाव काढायचं नाही." मुनियप्पांना हे फोनवर सांगितलं. म्हणाले, "सरी अम्मा." बरं, एवढंच.

१२ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहिता येईल असं वाटत नाही.

मला वाटत होतं कारागीर मुनियप्पा आणि बायको मदतनीस. उलटं आहे. ते रंग मिसळतात, माल पसरतात. फरशी करते ती लक्ष्मम्मा. मुनियप्पांनी माल सपाट केला आणि बाजूला होऊन उभे राहिले, देवळात राहतात तसे. ती फळीवर उकिडवी बसून बघत राहिली. वीस मिनिटं. मी विचारलं, अक्का, आता काय? म्हणाली, "अजून बोलत नाही ती." मधून मधून पालथा हात जमिनीला लावायची. तळहात कामानं इतके कडक झालेत की त्यांना काही कळत नाही म्हणे, कळतं ते मागच्या कातडीला.

मग एकदम सुरू केलं. लोखंडी थापी, अर्धगोल, अर्धगोल, मागे सरकत. चार तासांत पाणी नाही, बोलणं नाही. थापी फिरली की मातकट चिखलातून लाल वर येत होता, जसा आधीपासून तिथेच होता आणि कुणीतरी नुसती धूळ पुसली. दारातून उलटी बाहेर आली तेव्हा मागे एक रेघ नव्हती, बोटाचा ठसा नव्हता. त्या खोलीत कधी माणूस गेलंच नव्हतं अशी खोली.

मी पाच वर्षांत जे काही शिकले त्यात असं काही

जाऊ दे. संध्याकाळी ओली गोणपाटं अंथरली. मुनियप्पांनी बजावलं, "एळु दिन तेगीबेडी." सात दिवस उघडायचं नाही. वरून पाणी मारायचं, बस. मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

१३ फेब्रुवारी

नऊ वाजता साइटवर. पाणी मारलं. ऑफिसच्या यादीत 'रोजच्या प्रगतीचा फोटो' आहे. गोणपाटाचा फोटो काय पाठवणार? खिडकीजवळचा एक कोपरा अगदी थोडा उचलला. लाल. सुंदर. फोटो काढला, परत झाकलं.

१५ फेब्रुवारी

फोटो पाठवला. काल रात्री वाटलं होतं, आत सगळं तडकलं असेल. आज उचलून पाहिलं, काही नाही. जिवात जीव आला. थोडा वेळ बघतच बसले. मधेच प्लंबरचा फोन आला, बोलायला गॅलरीत गेले. परत येऊन झाकलं.

१८ फेब्रुवारी

रविवार, तरी गेले. अण्णा म्हणाले, "कापड भिजत घातलंय तर भिजू दे की. सारखं काय पिळून बघतेस?" बघितल्याशिवाय मला घास उतरत नाही, हे त्यांना माहीत आहे.

२० फेब्रुवारी

आज गोणपाटं काढली. मी, रा. मॅडम, मुनियप्पा, लक्ष्मम्मा.

पूर्ण हॉल, ओल्या कोकमासारखा गडद. मॅडमसुद्धा दारातच थांबल्या. आणि खिडकीजवळ दोन विती लांब, वीतभर रुंद फिकट डाग. त्यात केसासारख्या बारीक भेगा.

मॅडम म्हणाल्या, "हे बघ. म्हणूनच मी टाइल्स म्हणत होते." मुनियप्पा कानडीत पुटपुटले, आमचंच काहीतरी चुकलं असेल, माल कमी पडला असेल. लक्ष्मम्मा खाली बसली. डागावर पालथा हात ठेवला, मग डागाबाहेर. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"अम्मा, या खिडकीतून ऊन किती वाजता येतं?"

"साडेनऊ," मी म्हणाले. पटकन. घड्याळ न बघता.

"सरी," ती म्हणाली. बस तेवढंच. उठली.

तिला कळलं. मलाही तेव्हाच कळलं: मी रोज कोपरा उघडायचे ती हीच वेळ. मॅडम फोनवर होत्या. मी बोलले नाही.

२१ फेब्रुवारी

फोनमधले सात फोटो एकापुढे एक लावून पाहिले. सातही एकाच कोपऱ्याचे. तिसऱ्यापासून कडेला रंग सुकत चाललेला स्वच्छ दिसतो. मी सात दिवस स्वतःच्या चुकीचे फोटो काढून ऑफिसला पाठवले आणि कुणालाच, मलासुद्धा, दिसलं नाही.

मॅडमनी टाइल्सवाल्याला बोलावलंय. आधीची फरशी फोडायचीही गरज नाही, वरूनच बसतील म्हणाला.

मुनियप्पांना फोन लावला. उचलायच्या आधीच कट केला.

२२ फेब्रुवारी

ताटावर बसले होते. अण्णांनी विचारलं, "सांगितलंस?" डाग पडला, टाइल्स बसणार, एवढंच मी घरी बोलले होते, पण गेले दोन दिवस माझ्याकडे बघताहेत.

"नाही."

"मग जेवतेस कशी?"

"जेवू दे तिला," आई म्हणाली. "उपाशीपोटी कबुली नको. चक्कर येऊन पडेल, मग म्हणतील नाटक केलं."

अण्णा हसले नाहीत. म्हणाले, कोट उसवला तर शिंपी दुसरा शिवून देतो, पण चूक काजं करणाऱ्याची आहे असं एकदा बोललं की त्याला त्या बाजारात काम मिळत नाही. मी म्हटलं, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. "गप्प बसलीस ना?" म्हणाले.

नंतर आईनं ताक आणून दिलं.

२३ फेब्रुवारी

सांगितलं. फोन मॅडमपुढे ठेवला, सातही फोटो. यादीतल्या रोजच्या फोटोच्या नियमाचं नाव काढणार नाही असं ठरवलं होतं, तरी काढलं. मग म्हटलं, नियमात गोणपाट उचला असं लिहिलेलं नाही, ते मी उचललं.

मॅडम फोटो पुढेमागे सरकवत राहिल्या. "स्वल्प, जरा थांब. हे क्लायंटला सांगायचं की नाही ते बघू."

"मी सांगते."

"सर्जापूरचं काम तुझ्या हातून जाईल."

"माझं जाऊ दे. मुनियप्पांचं का?"

इतक्या मोठ्यानं मी ऑफिसात कधी बोलले नव्हते. शेजारच्या टेबलावरच्या माउसची टिकटिक थांबली. मॅडम म्हणाल्या, "बुधवारी दामल्यांना साइटवर बोलव. तू बोल. त्यांनी ठेवली तर पुढचं बघू. फोडा म्हणाले तर महिनाभर काम मागे, आणि ते तू त्यांना समजावायचं." टाइल्सवाल्याला थांबायला सांगितलं. रद्द केलं नाही.

मग मुनियप्पांना फोन. या वेळी कट केला नाही. सगळं कानडीत सांगितलं, अडखळत. ते म्हणाले, "लक्ष्मीनं त्या दिवशी बसमध्येच सांगितलं मला." मग तुम्ही बोलला का नाहीत? "ती म्हणाली, पोरगी सांगेल. मी म्हटलं, नाही सांगणार. आता घरी गेलो की ऐकावं लागेल मला."

माझ्यावर कुणी पैज लावावी आणि ती माझ्या बाजूनं, हे अजून नीट आत शिरत नाही.

२८ फेब्रुवारी

दामले काका-काकू अकराला आले. लक्ष्मम्मा आणि मुनियप्पा आनेकलहून सकाळच्या बसनं येऊन जिन्यात बसले होते. आत चला म्हटलं तरी येईनात.

मी काकूंना डाग दाखवला, आपोआप दिसायच्या आधी. कसा झाला तेही. मुनियप्पांनी काय बजावलं होतं ते वहीतून वाचून दाखवलं.

काका म्हणाले, "त्यावर सोफा ठेवू. विषय संपला."

"सोफ्याखाली घालायला फरशी केली का?" काकू. मग मला म्हणाल्या, त्या बाईंना आत बोलाव.

काकूंना कानडी चांगलं येतं, चाळीस वर्षं झाली. विचारलं, तुम्ही काय कराल? लक्ष्मम्मा म्हणाली, "फोडायची तर मी उद्या येते. ठेवायची तर रोज खोबरेल तेलाचा बोळा, वर्षभर. वर्षानंतर हा डाग कसा दिसेल ते मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगणारा खोटं बोलतो."

काकूंनी चपला काढल्या. हॉलभर एक चक्कर मारली. मग पदर खोचला, भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या आणि सरळ आडव्या झाल्या. गाल जमिनीला लावून. काका म्हणाले, "अगं, लोक आहेत." काकूंनी डोळे मिटले होते. म्हणाल्या, "मार्चएप्रिलात आम्ही दुपारी असंच पडायचो, बायका बायका. शेजारची कमला, मी, कमलाची आई. पंखा नव्हता."

काका गॅलरीत गेले. लक्ष्मम्मा काकूंच्या शेजारी मांडी घालून बसली, हातभर अंतरावर. फरशीत दोघींच्या साड्यांचे रंग उतरले होते, खाली अजून दोघी बसल्यासारख्या. मी कागदावर इतक्या खोल्या काढल्या. खोली म्हणजे हे, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडम मोबाइल पर्समध्ये ठेवून दाराला टेकून उभ्या होत्या.

किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी मीच वाकून विचारलं, काकू, काय करू या?

"आधी मला उठव," काकू म्हणाल्या. "गुडघे गेलेत."

मी एका बाजूनं, लक्ष्मम्मा दुसऱ्या. उठल्या, साडी झटकली, चपला हातातच घेऊन जिना उतरल्या. ठेवायची की फोडायची ते फोनवर सांगते म्हणाल्या.

आता आठ वाजलेत. फोन आलेला नाही.