मागच्या खोलीचे कलम

मी, वेताच्या खुर्च्या विणणारा, वय वर्षे एकोणपन्नास, छातीच्या शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय, देवाला स्मरून हे लिहून ठेवत आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण हल्ली दुपारी डोळा लागला की आई दिसते, म्हणून लिहून मोकळा होतो.

१. राहते घर माझ्या मुलीला. पत्नी चार वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली आणि मुलगी एकुलती एक, त्यामुळे यात वाद नाही. कच्च्या मसुद्यात ‘ती पुन्हा उपासनेला येऊ लागल्यास’ असे लिहिले होते, ते खोडले आहे. ती गुडघे टेको वा न टेको, घर तिचेच.

२. टोच्या, कातऱ्या आणि वेत भिजवायचे टाके शेजारच्या सुताराला. त्याने दोन वर्षांपूर्वी ‘उद्या देतो’ म्हणून नेलेली माझी कानसही आता त्याचीच समजावी.

३. प्रार्थना. आईला अक्षरओळख नव्हती. प्रभूची प्रार्थना तिने आम्हा दोघा भावांना हातांनी शिकवली. पित्यासाठी तळवे वर, अन्नासाठी ओंजळ. क्षमेच्या ओळीला नखे रुतेपर्यंत मूठ आवळायची आणि मग एकेक बोट सोडायचे. “घाई नको रे,” ती म्हणायची, “करंगळी सगळ्यात शेवटी सुटते.” स्वप्नात ती माझ्या हाताखाली हात धरून उभी असते. अर्धवट विणलेल्या खुर्चीतून ऊन झिरपून भिंतीवर पडलेले असते, आणि आम्ही दोघे त्या जाळीत तरंगत असतो.

हीच प्रार्थना मी वीस वर्षे चर्चच्या रविवारच्या वर्गात मंडळीतल्या मुलांना शिकवली. सात वर्षांपूर्वी भर वर्गात माझी मुलगी म्हणाली, “बाबा, काकांशी तर तुम्ही बोलत नाही. मग मूठ कशाला उघडता? नाटक?” मी तिच्या थोबाडीत दिली. त्याच हाताने. ती पुन्हा उपासनेला आली नाही. हा दोष माझा, तिचा नव्हे. प्रार्थना तिला देतो. करावी, शिकवावी किंवा विसरावी.

४. मागची खोली. तिथे माझा धाकटा भाऊ राहतो. अकरा वर्षे आम्ही एकाच नळावर पाणी भरतो आणि बोलत नाही. दवाखान्यात आईने प्राण सोडला तेव्हा तो उशाशी नव्हता, खाली चहाला गेला होता. म्हणून मसुद्यात लिहिले होते की, माझ्या पश्चात महिन्याभरात त्याने खोली सोडावी. परवा मुलीने ते वाचले.

“आणि तुम्ही कुठे होतात, बाबा?”

मी एका हॉटेलात खुर्च्या विणत होतो. फोनवर आलेला ‘लगेच या’ असा निरोप हॉटेलच्या माणसाने सांगितला होता. दोनच राहिल्यात, म्हणून थांबलो. हे आजवर कोणाला सांगितले नव्हते.

सबब ते कलम रद्द. भाऊ हयात असेतो खोली त्याची.

पण आईच्या शिकवणीत अंग हलल्याशिवाय प्रार्थना होत नाही. म्हणून सही करण्याआधी कागद घेऊन मागे गेलो आणि दार वाजवले.

“कोण?”

“मी.”

मग कडी निघाली.

“चष्मा सापडत नाहीये, दादा. तूच वाच.”

मी उभ्यानेच वाचले, निरोपासकट. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “चहाला नव्हतो गेलो. तुला हॉटेलात फोन करायला उतरलो होतो. तो निरोप माझाच. वर आलो तर आई गेलेली.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू स्वतःला खात बसला असतास. त्यापेक्षा माझ्यावर चिडलेला बरा.”

५. खालील सही वाकडी आली आहे. तरी ती माझीच आहे; ती करताना भावाने माझे मनगट धरले होते. यास दबाव समजू नये.

सही: वेतवाला
साक्षीदार: १. औषधांच्या दुकानाचे मालक २. मंडळीत घंटा वाजवणाऱ्या मावशी
ठिकाण: मागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा शनिवार, दुपारी