ईस्टरच्या सोमवारचा दुधी

१४ मार्च
विल्सनचा फोन. कॅनडाला जाऊन आठ महिने झाले, आता नवऱ्याला बागकाम सुचलंय. घरमालकाने मागची जागा खणायला दिली. मेथी-कोथिंबिरीतला फरक कळत नाही अजून, आणि म्हणे आईचा दुधी लावतो. माझ्या आईच्या बिया वीसच उरल्यात. पंधरा त्याच्याकडे, पाच इथे आखातात, करामाच्या घरी, फ्रिजच्या दारात. आई गेली, वसईची वाडी विकली. एवढं बी संपलं की खलास.
आज डबल ड्यूटी. पाय सुजलेत.

६ एप्रिल
ईस्टर मंडे. आई याच दिवशी दुधी लावायची, एक वर्ष चुकली नाही. वि.ला म्हटलं, "बर्फ गेला ना? मग आजच लाव. सगळ्या." टानिया मध्येच, "मम्मा, चेक द वेदर फर्स्ट." आजीने कधी वेदर चेक केलं होतं? गप्प बसवली तिला.
आम्हा दोघींच्या कॅनडाच्या व्हिसाचं अजून काही नाही.

२६ एप्रिल
कोंब नाही. वि. रोज मातीचा फोटो पाठवतो. मातीत काय बघू?

३ मे
बिया कुजल्या. पंधराच्या पंधरा. गार मातीत रुजतच नाहीत. तिकडे आधी घरात, खिडकीशी, कपात रोप करतात आणि जूनमध्ये बाहेर लावतात. शेजारच्या म्हाताऱ्याने वि.ला आधीच सांगितलं होतं.
"मग लावल्यास कशाला?"
"तू म्हणालीस ना, आईची पद्धत."
चिडायला हवा होता माझ्यावर. चिडला नाही. हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या ढिगाआड रडले.

११ मे
व्हिसा आला. टानिया नाचली. वि. म्हणाला, "त्या पाच बिया घेऊन ये. जागा तशीच ठेवलीय." हो म्हटलं.
एकदा लिहूनच टाकते. मला जायचं नाहीये. वसई सोडली, चौदा वर्षांत इथे कसंबसं बस्तान बसवलं, आता परत बोचकी बांधायची. अंगात त्राण नाही.

१२ मे
दह्याच्या रिकाम्या डब्यात माती भरली. पाचही बिया लावल्या. बाहेर चाळीसच्या वर, म्हणून आत, एसीत, खिडकीशी.

१९ मे
दोन कोंब. टानियाने बघितले.
"मम्मा, वी कान्ट टेक दॅट ऑन द फ्लाइट."
"माहितीये."
मग वि.चा फोन, तिकिटं कधीची काढू? इथल्या सवयीने इन्शाल्ला, सांगते म्हटलं. डब्याचं नाव काढलं नाही. फोन ठेवून डबा जरा उजेडाकडे सरकवला.