तपासणीच्या कागदावरची सही

बुधवार, १२ मार्च

चिरंजीव राजे यांस,

ताईचा आशीर्वाद. सवयीने लिहिला गेला, हवा असेल तर घे.

तुझं पत्र परवा पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता कमी दुखतो. ऊन वाढलंय, दुपारी वर्कशॉपचा पत्रा असा तापतो की पान्याचाही चटका बसतो. बाबांचं प्लास्टर निघालं, त्याबद्दल पुढे लिहिते. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद.

चार पानी पत्रात तू साडेतीन पानं गाडीवर लिहिलीस. बॉनेट कसं दुमडलं, डावा दरवाजा कसा आत गेला, ते पाहून तुला जेवण कसं गेलं नाही. बाबांच्या वाट्याला एक ओळ: 'बाबांना नमस्कार सांग.' आणि शेवटी हे रत्न: 'ताई, तू ब्रेक नीट पाहिले असतेस तर हे झालं नसतं, हे माझ्या सगळ्या मित्रांनाही कळतं. तरी मी तुला माफ करतो. पुढच्या मोसमाआधी गाडी उभी करून दे.'

माफ करतोस! चोराच्या उलट्या बोंबा आजवर ऐकल्या होत्या, सुवाच्य अक्षरात पहिल्यांदाच वाचल्या.

बिचारी गाडी. तुझ्याकडे आली तेव्हा काय सुरेख होती! कंपनीने शहाण्या माणसांना बसवून बनवलेली, वळणावर मांजरासारखी वळणारी. तू आधी तिचा सायलेन्सर काढून तो भोंगा बसवलास. उथळ पाण्याला खळखळाट फार. मग मागे ती फळी लावलीस, जिचा उपयोग आई फक्त चादरी वाळत घालायला करू शकली असती. मग गाडी इतकी खाली बसवलीस की गल्लीतल्या गतिरोधकावर तुझे दोन मित्र उतरून ढकलायचे आणि तू आत गॉगल लावून बसायचास. मी म्हटलं, "रस्त्यावर चालवायची तर रस्त्यासारखी ठेव, ट्रॅकवर न्यायची तर आधी ब्रेक आणि टायर बघ." तू काय केलंस? ब्रेकच्या कॅलिपरना लाल रंग दिलास. बाहेरून लाल, आत तीन वर्षांचं जुनं ऑइल.

त्या रविवारी ट्रॅकवर तपासणीचा कागद घेऊन तू माझ्याकडे आलास, सगळा कंपू मागे घेऊन. प्रत्येक गाडीच्या कागदावर मेकॅनिकची सही लागते, नाहीतर आत सोडत नाहीत. मी विचारलं, "ब्रेक ऑइल बदललंस?"

"गेल्याच आठवड्यात," तू म्हणालास. डोळ्याची पापणीही हलली नाही. मग त्यांच्याकडे वळून, "आमची ताई. पंक्चर फार छान काढते." सगळे हसले.

तू खोटं बोललास, राजे. हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच साडेतीन पानं लागली. जुन्या ऑइलमध्ये पाणी मुरतं, सारखे करकचून ब्रेक मारले की ते उकळतं, आणि पेडल बुडापर्यंत जातं. ही गोष्ट बाबांनी आपल्याला शाळेत असताना शिकवली. मी ऐकत होते. तू आरशात भांग पाडत होतास.

चौथ्या फेरीत सरळ पट्टा संपला, तू ब्रेक दाबलास आणि काही झालं नाही. तुझ्याच कॅमेऱ्यात सगळं दिसतं. तू स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलंस. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने हँडब्रेक ओढला. गाडी आडवी झाली म्हणून टायरच्या भिंतीला बाजूने धडकली, नाहीतर समोरून गेली असती. त्याच झटक्यात बाबांचं मनगट मोडलं. तुला खरचटलंही नाही.

मनगट नीट जुळलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोटं हलतील, पण जोर येणार नाही." काल बाबा स्टुलावर बसून एक साधा नट घट्ट करू पाहत होते. तीनदा पाना निसटला. चौथ्यांदा त्यांनी तो डाव्या हातात घेतला आणि माझ्याकडे पाठ केली.

आता पुढचं. हे लिहायला मला दोन पानं टाळाटाळ करावी लागली, म्हणजे या बाबतीत मी तुझ्याहून फार वेगळी नाही.

तू वळून मित्रांशी बोलत होतास तेव्हा मी झाकण उघडून पाहिलं होतं. ऑइल उकळलेल्या चहासारखं काळं होतं. नवा डबा माझ्या पेटीत होता. अर्ध्या तासाचं काम. मी झाकण लावलं आणि सही केली.

मला वाटलं, जाईल वळणाबाहेरच्या खडीत, रुतून बसेल, क्रेनने ओढून आणतील आणि तुझा तो कंपू जरा तुझ्यावरही हसेल. एवढंच. तू मरावास असं वाटलं नव्हतं. पण तू मरू शकतोस हे मला ठाऊक होतं, त्यातून सुटका नाही. आणि मग बाबा हेल्मेट घालून तुझ्या शेजारी बसले. त्यांनी काचेतून मला हात केला. ओरडायला वेळ होता. ओरडले असते तर तुझ्या मित्रांसमोर मान्य करावं लागलं असतं की मी पाहून सही केली. मीही हात केला.

हे काल बाबांना सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला. मग विचारलं, "झाकण उघडलं होतंस?"

"हो."

"त्याला माहीत नव्हतं, एक वेळ समजू शकतो. तो गाढव आहे." माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मेकॅनिक आहेस." मग डावा हात पुढे केला. "वर्कशॉपची किल्ली दे."

मी दिली. तू इतकी वर्षं खोटं बोलून त्यांच्या मनातून उतरला नाहीस, मी एकदा खरं बोलून उतरले. तुझा हेवा वाटतो आणि शिसारीही येते.

तुझी गाडी मी उभी करणार नाही. मला आता कोणाचीच करता येणार नाही. तू मात्र इथे ये. 'ऑइल बदललं नव्हतं' हे तीन शब्द बाबांच्या तोंडावर बोल. मित्रांना आणू नकोस. तुझी बाजू मी मांडणार नाही, माझी तू मांडू नकोस.

बाबा तुझी वाट पाहतात. माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतात.

तुझी, इलाज नाही म्हणून सख्खी,
ताई